मोटारसायकलीची दुसरी फ्यूजपेटी

जुन्या घरांत विजेच्या मीटराशेजारीं लाकडी फळीवर चिनी मातीचे पांढरे ठोकळे बसविलेले असत. रात्रीं जेवणाच्या वेळीं दिवे एकाएकीं गेले, कीं घरांतील कोणी तरी मेणबत्तीच्या उजेडांत त्यांतला एक ठोकळा उपसून काढी, जळालेली तार टाकून देई, आणि तिच्या जागीं नवी बारीक तार ओंवून ठोकळा पुन्हा दाबून बसवी. आतां बहुतेक नव्या घरांत त्या ठोकळ्यांची जागा आपोआप पडणाऱ्या खटक्यांनीं घेतली आहे. पण ‘फ्यूज उडाला’ हा शब्दप्रयोग मात्र मराठींत कायम राहिला आहे. फ्यूज उडाला म्हणजे कांहीं तरी बिघडलें, असें सर्वसामान्य मनुष्यास वाटतें. वस्तुतः बिघाड झालेला असतो तो दुसरीकडेच. फ्यूजनें आपलें काम चोख केलेलें असतें. भिंतींत दडलेल्या लांब तारेवर जळण्याची पाळी येऊं नये, म्हणून डोळ्यांसमोरच्या बोटभर तारेनें जळावें, अशी ही योजना आहे. मोटारसायकलीवर आणखी एक फ्यूजपेटी कां बसवावी व ती कशी बसवावी, हा आजच्या भाषणाचा विषय याच योजनेवर आधारलेला आहे.

ही कल्पना घरोघरच्या विजेच्या दिव्यांहूनही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत तारायंत्राच्या कचेऱ्यांना आकाशांतील विजेचा उपद्रव होई व आंतील नाजूक यंत्रें जळून जात. त्यावर लुई ब्रेगे या फ्रेंच यंत्रशास्त्रज्ञानें असा उपाय सुचविला होता कीं, मार्गांतील तारेचा थोडा भाग मुद्दाम बारीक ठेवावा. प्रवाहाचा लोंढा आलाच, तर तो भाग वितळून जाईल आणि यंत्रें वांचतील. पुढें १८९० सालीं टॉमस एडिसन यानें आपल्या वीज-वांटपाच्या योजनेचा एक भाग म्हणून फ्यूजचें पेटंट घेतलें. मराठींत फ्यूजला ‘वितळतार’ असें एक नांव आहे. तें फारसें रूढ झालें नाहीं. तथापि वस्तूचा सारा धर्म त्या एका शब्दांत आलेला आहे.

मोटारसायकलीस विजेची गरज पूर्वीं फार थोडी असे. १९५५ सालीं मद्रास येथें ‘बुलेट’ गाड्यांची जोडणी सुरू झाली, त्या काळीं गाडीवरील वीज सहा व्होल्टची होती. पुढला दिवा, मागला दिवा आणि भोंगा एवढाच तिचा मुख्य संसार. आज हा संसार बारा व्होल्टचा झाला असून चांगलाच विस्तारला आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढला दिवा इंजिन चालू असेतोंपर्यंत दिवसाही जळत राहिला पाहिजे, असा नियम झाला. एप्रिल २०२० मध्यें लागू झालेल्या प्रदूषणविषयक ‘भारत स्टेज सहा’ या नियमांमुळें बहुतेक मोटारसायकलींतून कार्बुरेटर गेला, आणि पेट्रोल फवारण्याचें काम विजेच्या पंपाकडे व एका लहानशा संगणकाकडे आलें. चाक जखडूं न देणारी ब्रेकची यंत्रणाही विजेवरच चालते. तात्पर्य, पूर्वीं वीज गेली तर अंधार पडे; आज वीज गेली तर गाडीच थांबते.

अशा गाडीवर स्वार आपल्या हौसेनें व गरजेनें आणखी उपकरणें चढवीत असतो. लडाखच्या प्रवासास निघालेल्याला थंडींत मुठी ऊबदार हव्या असतात. कोंकणांत उतरणाऱ्याला धुक्यांत वाट दाखविणारे जादा दिवे हवे असतात. मोबाइल चार्ज करण्याची सोय तर बहुतेकांना हवी असते, कारण रस्त्याचा नकाशा आतां त्यांतच असतो. यांत वावगें कांहींच नाहीं. वावगी असते ती जोडणी. पुष्कळदां काय होतें, कीं मूळच्या तारांपैकीं जी हाताशीं येईल ती सोलावयाची, तिला नव्या उपकरणाच्या तारेचा पीळ मारावयाचा, आणि वर काळी टेप गुंडाळून आसन बसवून टाकावयाचें. दुकानाच्या दारांत उपकरण चालतें. गिऱ्हाईक संतुष्ट होतें. आणि खरी परीक्षा पुढल्या पावसाळ्यावर ढकलली जाते.

ही परीक्षा कशी होते तें पाहावें. कोल्हापुराकडून रत्नागिरीस जाणारा स्वार आषाढांतल्या रात्रीं आंबा घाट उतरत आहे, असें समजा. चार्जरची तार आसनाखालीं सांगाड्याच्या धारदार कडेवर टेकलेली आहे. इंजिनाच्या कंपानें तिचें आवरण महिनोन्‌महिने घासत आलें आहे, आणि नेमकें या वळणावर आंतील तांबें उघडें पडून लोखंडाला भिडतें. प्रवाहाला उपकरणांतून जाण्याचें कारण उरत नाहीं. तो जवळच्या वाटेनें बॅटरीकडे परत धांवूं लागतो. ही तार पुढल्या दिव्याच्या तारेला पीळ मारून जोडलेली असल्यामुळें दोहोंचा फ्यूज एकच असतो. तो उडतो, आणि मोबाइलबरोबर दिवाही विझतो. पाऊस, दरी, मागून येणारा मालट्रक आणि पुढें काळोख, अशा स्थितींत तो स्वार सांपडतो. दोष होता चार्जरच्या तारेचा. शासन झालें दिव्याला. दुसरी फ्यूजपेटी बसवावयाची ती अशी सामुदायिक शिक्षा टाळण्यासाठीं.

पेटी बसविण्यापूर्वीं थोडें गणित करणें आवश्यक आहे, आणि तें शाळेंतील मुलालाही येण्याजोगें आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटांस बारानें भागलें, कीं त्याला लागणारा प्रवाह अँपियरमध्यें मिळतो. वीस-वीस वॅटांचे दोन जादा दिवे मिळून चाळीस वॅट, म्हणजे सुमारें ३.३ अँपियर. मुठी ऊबदार ठेवणाऱ्या तारांनाही साधारण तेवढाच प्रवाह लागतो. चार्जरला दोन अँपियर धरावे, आणि दोन मोठ्या भोंग्यांच्या जोडीला, ती वाजत असेल तेवढ्या वेळापुरते, आठ. सर्व एकाच क्षणीं चालू झालें तरी बेरीज सतराच्या आंत राहते. फ्यूज निवडतांना नेहमीचा प्रवाह त्याच्या आंकड्याच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक होऊं नये, असा व्यवहार आहे. त्याप्रमाणें चार्जरला ३, दिव्यांना ५, मुठींना ५ आणि भोंग्यांना १५ अँपियरचा फ्यूज योग्य ठरतो. गाड्यांत वापरले जाणारे पात्यांचे फ्यूज रंगावरूनही ओळखतां येतात: ३ चा जांभळा, ५ चा फिकट तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. फ्यूज उपकरणाचें रक्षण करतो असें बहुतेकांना वाटतें; पण त्याचें पहिलें कर्तव्य तारेचें रक्षण हें आहे. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. तिप्पट झाला, तर नऊपट. म्हणून तारेला जो प्रवाह सुखानें सोसतो, त्याच्या आंतच फ्यूजचा आंकडा असला पाहिजे. शिवाय फ्यूज आंकडा ओलांडतांच तत्क्षणीं उडतो असेंही नाहीं. पात्याचा फ्यूज दुप्पट प्रवाहाला पांच सेकंदांच्या आंत वितळतो; पण प्रवाह जेमतेम एकतृतीयांशानेंच अधिक असेल, तर त्याला कित्येक मिनिटेंही लागूं शकतात. तेव्हां ५ चा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागीं ३० चा खोंचणारा मनुष्य पहारेकऱ्याला रजा देऊन घर उघडें टाकीत असतो. तार तापून लाल होईल, तिचें आवरण पेटेल, शेजारच्या तारा पेटतील, आणि या सर्वांच्या वर पेट्रोलची टांकी आहे. सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद फ्यूजभोंवतीं गुंडाळून वेळ मारून नेणाऱ्यांची गोष्टही हीच.

आतां प्रत्यक्ष बसविण्याकडे वळावें. पेटी म्हणजे प्लास्टिकचें एक लहान खोकें. तींत चार किंवा सहा फ्यूजांची घरें असतात, आंत येणारी जाड तार एक आणि बाहेर जाणाऱ्या तारा अनेक. झांकण पाणी अडविणारें असावें. तिला जागा द्यावयाची ती आसनाखालीं किंवा बाजूच्या पत्र्याआड. सायलेन्सरच्या धगीपासून दूर, चाकानें उडविलेल्या चिखलापासून दूर, आणि हत्यारांवांचून हात पोंचेल अशी. भर पावसांत फ्यूज बदलण्यासाठीं चार स्क्रू काढावे लागले, तर सोयीचा अर्धा अर्थ गेला.

कामास हात घालण्यापूर्वीं बॅटरीच्या ऋण टोकाची तार प्रथम सोडवावी. याला कारण आहे. गाडीचा सर्व लोखंडी सांगाडा ऋण टोकाशीं जोडलेला असतो. तें जोडलेलें असतां धन टोकावरचा पाना चुकून सांगाड्याला लागला, तर क्षणांत ठिणग्यांचा वर्षाव होतो व पाना तापून हात भाजतो. ऋण टोक सुटलेलें असेल, तर तोच पाना निरुपद्रवी ठरतो. काम संपल्यावर क्रम उलटा: धन टोक आधीं, ऋण टोक सर्वांत शेवटीं.

बॅटरीच्या धन टोकापासून पेटीकडे चार चौरस मिलिमीटरची जाड तार न्यावी, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत तिच्यांत मुख्य फ्यूज घालावा. वर सांगितलेल्या बेरजेला २५ अँपियरचा पुरेसा होतो. पुष्कळ लोक हा फ्यूज पेटीजवळ बसवितात किंवा अजिबात गाळतात. परंतु बॅटरी आणि पहिला फ्यूज यांच्यामधील तारेचा जो तुकडा असतो, त्याला कोणीच राखणदार नसतो. तो जितका आंखूड, तितकें बरें.

मुख्य फ्यूज आणि पेटी यांच्यामध्यें एक रिले असावा. रिले म्हणजे विजेनें चालणारा खटका: आंतील लहान वेटोळ्यांतून थोडा प्रवाह गेला, कीं तें लोहचुंबकासारखें होऊन मोठ्या प्रवाहाचें दार उघडतें. त्याच्या चार पायांवर आंकडे कोरलेले असतात. मुख्य फ्यूजकडून आलेली जाड तार ३० ला, पेटीकडे जाणारी ८७ ला. वेटोळ्याचीं टोकें ८५ व ८६. या वेटोळ्याला गाडीच्या मागल्या दिव्याच्या तारेंतून इशारा द्यावा, म्हणजे किल्ली फिरवितांच पेटी जागी होते व किल्ली काढतांच झोंपते. वेटोळें घेतें तें अवघे दीड-दोन दशांश अँपियर. मूळच्या तारांवर पडणारा भार एवढाच. या इशाऱ्याच्या तारेलाही जोडाच्या जागींच २ अँपियरचा फ्यूज घालावा, नाहीं तर तिच्याच दोषानें मागला दिवा जाईल आणि सारा खटाटोप व्यर्थ ठरेल. इंजिनाच्या संगणकाच्या किंवा ब्रेकच्या यंत्रणेच्या तारांना मात्र कोणत्याही निमित्तानें हात लावूं नये.

रिलेवांचून काय अडतें, असा प्रश्न येईल. चार्जरसारखें उपकरण मोबाइल जोडलेला नसतांही थोडी वीज खात राहतें. तो प्रवाह शतांश दोन अँपियर धरला, तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपियर-तास होतो. नऊ अँपियर-तासांची बॅटरी या हिशेबानें नऊ-दहा दिवसांत अर्धी रिकामी होते. सुटीवर गेलेला मालक परत येऊन बटण दाबतो, इंजिन हूं कीं चूं करीत नाहीं, आणि बोल मात्र बिचाऱ्या बॅटरीला लागतो.

जोडांच्या बाबतींत मोटारसायकल घरासारखी नाहीं. घराची भिंत हालत नाहीं. गाडीचा प्रत्येक भाग चालतांना थरथरत असतो. अशा ठिकाणीं डाग दिलेला जोड वरून भक्कम दिसला, तरी कथील तारेच्या सुतांमध्यें शिरून तेवढा भाग ताठ होतो, आणि तो जेथें संपतो तेथेंच तार कालांतरानें मोडते. म्हणून तारेच्या टोकाला योग्य मापाचा लग घालून तो त्याच्यासाठीं असलेल्या पकडीनें घट्ट दाबावा, आणि त्यावर उष्णतेनें आकसणारी, आंतून डिंक असलेली नळी चढवावी. नुसती टेप आपल्याकडील पावसाला पुरी पडत नाहीं. ती भिजते, सुटते आणि तांबें हिरवें पडूं लागतें. तारा पेटींतून खालच्या बाजूनें बाहेर पडाव्या व पुढें थोडा झोल घेऊन वर चढाव्या, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी झोलाच्या तळाशींच ठिबकून जातें. लोखंडी कडेवरून जाणाऱ्या तारेला स्लीव्ह चढवावी. हँडलाकडे जाणाऱ्या तारा बांधण्यापूर्वीं हँडल दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत वळवून पाहावें. तार ताणली जात असेल, तर ती एक दिवस तुटणार, हें निश्चित समजावें.

परतीची वाटही विसरूं नये. उपकरणांच्या ऋण तारा रंगविलेल्या सांगाड्याला कोठें तरी स्क्रूनें अडकविण्याचा प्रघात आहे. रंग व गंज यांतून वीज नीट वाहत नाहीं. दिवा मंद जळतो आणि दोष शोधतां शोधतां दिवस जातो. या सर्व तारा एका पट्टीवर एकत्र करून तेथून एकच जाड तार बॅटरीच्या ऋण टोकास नेणें अधिक शहाणपणाचें.

एका मर्यादेची जाणीव मात्र ठेवली पाहिजे. फ्यूजपेटी वीज वांटते. ती उत्पन्न करीत नाहीं. प्रवासी वापराच्या मध्यम आकाराच्या पुष्कळशा मोटारसायकलींचें जनित्र साधारण दोनशे ते तीनशे वॅटांचें असतें, आणि त्यांतला मोठा वांटा गाडी स्वतःसाठींच घेते. आपल्या गाडीचा आंकडा माहितीपुस्तिकेंत पाहून उरलेल्या विजेंतच हौस भागवावी. नव्या गाडीच्या हमीच्या अटी व जादा दिव्यांविषयींचे नियमही आधींच वाचून घ्यावे; समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविणारा दिवा स्वतःच्याही उपयोगाचा नसतो, कारण दिपलेला चालक आपल्याच अंगावर येतो.

सर्व जोडून झालें, कीं पेटींतील फ्यूज काढून ठेवूनच ऋण टोक जोडावें, मग किल्ली फिरवून एकेक फ्यूज घालावा व त्याचें उपकरण चालवून पाहावें. कोठें चूक असेल, तर ती कोणत्या मार्गांत आहे हें तत्काळ कळतें. मल्टिमीटर असल्यास बॅटरीचा दाब पाहावा: विश्रांत स्थितींत भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, आणि इंजिन चालू असतां आंकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदांच्या दरम्यान असावा. सर्व उपकरणें लावून इंजिन जरा गतींत ठेवल्यावरही तो तेराच्या खालीं उतरत असेल, तर भार जनित्राला जड जात आहे असें समजून कांहीं उपकरणें कमी करावीं.

शेवटचें काम सर्वांत सोपें, आणि म्हणूनच बहुधा राहून जाणारें आहे. झांकणाच्या आंतल्या बाजूस कोणत्या घरांत कोणाचा फ्यूज व किती अँपियरचा, हें न पुसणाऱ्या शाईनें लिहून ठेवावें, आणि प्रत्येक मापाचा एकेक जादा फ्यूज तेथेंच चिकटवून ठेवावा. गाडी उद्यां भावाच्या किंवा मुलीच्या हातीं जाईल; बसविणाऱ्याच्या डोक्यांतील नकाशा त्यांना काय उपयोगाचा? फ्यूज एकदां उडाला, तर त्याच मापाचा दुसरा घालावा. तोही उडाला, तर तिसरा न घालतां तार तपासावी. फ्यूज दोनदां एकच गोष्ट सांगत असेल, तर ती ऐकली पाहिजे.

एवढें केल्यावर आंबा घाटांतल्या त्या स्वाराची रात्र पुन्हा एकदां डोळ्यांसमोर आणावी. तीच कड, तीच घासलेली तार, तोच पाऊस. तार लोखंडाला भिडते आणि पेटींतला जांभळा फ्यूज वितळतो. मोबाइलवरचा नकाशा कांहीं वेळानें बंद पडेल. पण पुढला दिवा जळत आहे, इंजिन चालत आहे, मागल्या ट्रकला लाल खूण दिसत आहे. स्वाराला कदाचित् साखरप्यास चहाला थांबेपर्यंत कांहीं घडलें हें कळणारही नाहीं. तेथें झांकण उघडून नवा फ्यूज घालण्याआधीं त्यानें तेवढी तार पाहून घ्यावी.